साइटवरचे तात्पुरते ऑफिस: डिझेल वाचवायचे असेल तर आधी छप्पर पाहा

पर्वरी असो वा मडगाव, गोव्यात इमारतीचे काम सुरू झाले की पत्र्याची केबिन उभी राहते, तिला एसी लागतो आणि वीजजोडणी येईपर्यंत त्यासाठी जनरेटर घरघरत राहतो. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय एका केबिनपुरता मोठा जनरेटर चालवला, तर कमी भारामुळे प्रत्येक युनिटमागे डिझेल अधिक लागते. म्हणून तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज केबिन आणण्याआधीच करावा, आणि तोवर जनरेटर गरजेच्या मापाचाच घ्यावा.

खरी बचत मात्र छपरात आहे. उघडा पत्रा दुपारी तापतो आणि एसी त्याच उष्णतेशी झगडत बसतो. पत्र्याला पांढरा, ऊन परावर्तित करणारा रंग द्यावा, आत उष्णतारोधक थर बसवावा, आणि जमल्यास वर वीतभर मोकळी जागा सोडून दुसरे हलके छप्पर घालावे, म्हणजे मधली गरम हवा वाऱ्याने निघून जाते. झावळ्यांचे झाप स्वस्त आणि गार असतात खरे, पण वेल्डिंग किंवा जनरेटरजवळ ते मुळीच नकोत. लांब भिंतींची तोंडे उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवावीत, खिडक्यांवर पुढे आलेली पडवी काढावी. जूनपासूनच्या पावसातही ती उपयोगी पडते. एसी 24 अंशांवर ठेवावा. केबिन नवी घेण्याऐवजी नटबोल्टने जोडलेली, सुटी करून पुढच्या साइटवर नेता येईल अशी जुनी घेतल्यास नवे पोलाद बनवताना होणारे उत्सर्जनही टळते; फक्त खाऱ्या हवेने गंजलेले सांधे आधी तपासून घ्यावेत.