धर्माच्या आधाराने आलेल्या विधेयकावर हरकत कशी लिहावी

मसुदा हाती आला की आधी मागची पानं उघडा. तिथे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. त्यातल्या प्रत्येक कारणाखाली रेघ मारा आणि विचारा: हे कारण दुसऱ्या धर्माच्या, किंवा धर्मच न मानणाऱ्या माणसाला तपासून पाहता येईल का? मूल्य कुठून आलं यावर शाई खर्च करू नका. दारूबंदीमागे श्रद्धाही होती आणि आरोग्यही; तेवढ्यावरून कायदा बाद होत नाही.

मग कारण आणि शिक्षा यांचा सांधा तपासा. गडबड बहुतेक इथेच असते. गोवंश हत्याबंदीचंच घ्या. महाराष्ट्राचा 1976 चा कायदा गाईपुरता होता, 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. आधार घटनेच्या कलम 48 चा, म्हणजे शेती आणि पशुसंवर्धनाचा. पण 5-डी कलमाने परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं: एक वर्षापर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड. तिकडून आलेल्या डब्यामुळे इथल्या औताचा बैल कसा कमी होतो, हे कोण सांगणार? मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी कत्तलबंदी कायम ठेवली, 5-डी मात्र खासगीपणाच्या हक्काच्या आधारे रद्द केलं. निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करावं, असं सांगणारं 9-बी सुद्धा गेलं.

सुधारणेचा कायदाही याच कसोटीला लावा. मुंबई राज्याचा 1949 चा बहिष्कृती प्रतिबंधक कायदा (कुणालाही समाजाबाहेर टाकायला मनाई करणारा) सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरांच्या खटल्यात रद्द केला; पंथाला आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क देणारं कलम 26 आड आलं. म्हणून कलम 25 (व्यक्तीचं धर्मस्वातंत्र्य) आणि 26 शेजारी ठेवून वाचा. दोन्ही हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहेत.

विधेयक संयुक्त समितीकडे (दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या) गेलं आणि सूचना मागवल्या, तर मुदतीची तारीख आधी टिपून ठेवा. एका परिच्छेदात एकच खंड घ्या (विधेयकात ‘खंड’ असतो, कायदा झाल्यावर ‘कलम’): खंड क्रमांक, मूळ शब्द, हरकत, बदली शब्द. ‘हे धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात आहे’ एवढंच लिहिलंत, तर समितीला बदलायला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘खंड 4 मध्ये “बाळगील” या शब्दाऐवजी “बेकायदा असल्याचे माहीत असूनही बाळगील” असे घालावे.’