इंग्रजीतलं जर-तर कसं जमवावं

इंग्रजी व्याकरणात ‘कंडिशनल’चा धडा उघडला की समोर चार खणांचा तक्ता येतो: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड. तक्ता चुकीचा नाही, पण ऐन बोलताना तो आठवत नाही. मी तो तीनदा पाठ केला आणि तीनदा विसरलो. उपयोग झाला तो मराठीकडे नीट बघितल्यावर. जर-तर आपल्याला लहानपणापासून येतंच. इंग्रजी कुठे वेगळं वागते, तेवढंच शिकायचं.

१. ‘तर’ सोडा, ‘इफ’ धरा

मराठीत ‘जर’ गाळला तरी चालतो, ‘तर’ मात्र लागतो: “वेळ मिळाला तर येईन.” इंग्रजीत नेमकं उलटं. तिथे ‘इफ’ लागतो आणि ‘देन’ बहुतेक वेळा नकोच असतो: “इफ आय गेट टाइम, आय विल कम.” इफचा भाग आधी आला तर मध्ये स्वल्पविराम द्या. तो मागे गेला तर सहसा देत नाहीत.

२. ‘की’ बसतो का बघा

“बर्फ तापवला की वितळतो.” हे कधीही खरंच असतं, म्हणून आपण ‘तर’ऐवजी सहज ‘की’ म्हणतो. अशा नेहमीच्या गोष्टींसाठी दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ: “इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.” झिरो कंडिशनल म्हणतात ते हेच. यात आणखी काही नाही.

३. पुढची गोष्ट असेल तर इफजवळ ‘विल’ नको

“पाऊस आला तर घरी थांबू.” पाऊस अजून यायचाय, तरी आपण ‘आला’ म्हणतो. ‘पाऊस येईल तर घरी थांबू’ हे कानाला खटकतं. इंग्रजीलाही अटीच्या भागात भविष्यकाळ खटकतो, फक्त ती तिथे वर्तमानकाळ घेते: “इफ इट रेन्स, वुई विल स्टे होम.” ‘इफ इट विल रेन’ म्हणावंसं वाटलं की ‘पाऊस येईल तर’ आठवा.

एक अपवाद ऐकू येतो: “इफ यू विल वेट अ मिनिट...” इथला ‘विल’ काळाचा नाही, तयारीचा आहे. जरा थांबायची तयारी असेल तर, असा.

४. ‘असता-असतं’ आलं की थांबा

खरी गोची इथे आहे. हे वाक्य बघा: “मला त्याचा नंबर माहीत असता तर दिला असता.” हे आत्ताचं की तेव्हाचं? मराठीत दोन्ही होऊ शकतं, संदर्भावरून कळतं. इंग्रजी मात्र विचारते: आत्ता की तेव्हा? म्हणून वाक्यात मनातल्या मनात ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ घालून बघा.

‘आत्ता’ बसला, म्हणजे नंबर आत्ता माहीत नाही, तर इफजवळ साधा भूतकाळ आणि दुसरीकडे ‘वुड’: “इफ आय न्यू हिज नंबर, आय वुड गिव्ह इट टु यू.” बोलणं आत्ताचं, क्रियापद कालचं. हा भूतकाळ काळ दाखवत नाही, वास्तवापासूनचं अंतर दाखवतो. म्हणूनच ‘आय वॉज’ऐवजी “इफ आय वेअर यू” असं म्हणतात, तुझ्या जागी मी असतो तर.

‘तेव्हा’ बसला, म्हणजे वेळ निघून गेलेली आहे, तर आणखी एक पायरी मागे जा: “इफ आय हॅड नोन हिज नंबर, आय वुड हॅव गिव्हन इट टु यू.” एका पायरीवर सेकंड, दोन पायऱ्यांवर थर्ड.

मराठीत ‘असता’ दोन्हीकडे सारखाच येतो, म्हणून आपण ‘वुड’ही दोन्हीकडे ठेवून देतो: “इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.” मी हे वाक्य एका ईमेलमध्ये लिहून पाठवलंय, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. हवं होतं “इफ यू हॅड टोल्ड मी”. अमेरिकी बोलण्यात दोन वुड कधीकधी ऐकू येतात, पण लेखनात ती चूकच धरतात.

अट तेव्हाची आणि परिणाम आत्ताचा असेल तर दोन्ही मिसळा: “इफ आय हॅड स्लेप्ट लास्ट नाइट, आय वुड नॉट बी सो टायर्ड नाऊ.”

५. किती खात्री आहे ते ठरवा

“लॉटरी लागली तर घर घेईन” हे मराठी वाक्य आशेने म्हणा नाहीतर थट्टेने, शब्द तेच राहतात. इंग्रजीत क्रियापदच मन उघडं करतं. तिकीट खिशात घेऊन निकालाची वाट बघणारा म्हणेल, “इफ आय विन, आय विल बाय अ हाऊस.” नुसताच मनोरे रचणारा म्हणेल, “इफ आय वन, आय वुड बाय अ हाऊस.” व्याकरणाने दोन्ही बरोबर.

६. ऐकताना ‘आयड’ ओळखा

“इफ आयड नोन, आयड हॅव कॉल्ड.” पहिला आयड म्हणजे ‘आय हॅड’, दुसरा ‘आय वुड’. ओळखायची खूण शेजारच्या शब्दात असते: पुढे ‘नोन’सारखं तिसरं रूप असेल तर हॅड, मूळ रूप असेल तर वुड.

जाता जाता, ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. “तू आला नाहीस तर मी जाईन” म्हणजे “अनलेस यू कम, आय विल गो.” त्यात ‘डोन्ट’ घातलात तर अर्थ उलटतो.

७. इफ नसलेला इफ

आपण ‘जर’ गाळतो तसा औपचारिक इंग्रजीत कधी ‘इफ’ही गळतो, फक्त मग सहायक क्रियापद पुढे येऊन बसतं: “हॅड आय नोन, आय वुड हॅव कम.” ऑफिसच्या ईमेलच्या शेवटी “शुड यू नीड एनी हेल्प, प्लीज कॉल मी” असतं तेही हेच. सुरुवात प्रश्नासारखी वाटते, पण तो प्रश्न नाही. त्याला “नो, थँक्स” असं उत्तर पाठवू नका.