फूटर टॅग कसा वापरावा

पानाच्या तळाशी दिसणारी पट्टी म्हणजे फूटर, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात एचटीएमएलमधील (वेबपान लिहिण्याच्या भाषेतील) हा टॅग, म्हणजे मजकुराला लावायची खूण, मजकूर कुठे दिसतो यापेक्षा तो कशाबद्दल आहे हे सांगतो. त्यामुळे टॅग लिहिण्यापूर्वी आपला मजकूर संपूर्ण पानाविषयी आहे की त्यातील एखाद्या लेखाविषयी, हे आधी ठरवावे.

मजकूर पानाविषयी असल्यास फूटर थेट बॉडीच्या (पानावर दिसणारे सारे ज्यात असते त्या टॅगच्या) आत, मुख्य मजकुराचा मेन टॅग बंद झाल्यावर लिहावा. हक्कांची सूचना स्मॉल टॅगमध्ये आणि संपर्काची माहिती अ‍ॅड्रेस टॅगमध्ये ठेवावी. अ‍ॅड्रेस हा टॅग पान किंवा लेख ज्याचा आहे त्याच्याशी संपर्क साधण्यासाठीच असल्याने दिसेल तो टपाली पत्ता त्यात घालू नये.

लेखाविषयीचा मजकूर, म्हणजे लेखकाचे नाव, तारीख, संबंधित दुवे, हा त्या लेखाच्या आर्टिकल टॅगच्या आतील फूटरमध्ये जातो. पानावर दहा लेख असतील तर दहा फूटर असण्यास काहीच हरकत नाही. फूटरच्या आत दुसरा फूटर किंवा हेडर मात्र चालत नाही.

पानाचा फूटर योग्य ठिकाणी असेल, तर ब्राउझर त्याला ‘कंटेंटइन्फो’ (पानाविषयीची माहिती) ही भूमिका देतो आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणारी व्यक्ती मधला मजकूर न ऐकता थेट तेथे पोहोचू शकते. तोच फूटर मेनच्या आत राहिला, तर ही भूमिका नाहीशी होते आणि पडद्यावर मात्र तसूभरही फरक दिसत नाही. मेन बंद करणारा टॅग एक ओळ खाली सरकल्याने माझ्याकडून ही चूक झाली होती. नुसत्या नजरेने ती कधीच सापडली नसती. म्हणून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात फूटरची भूमिका एकदा पाहून घ्यावी.

२०१४ साली एचटीएमएल५ अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच्या पानांत बहुधा ‘फूटर’ असा आयडी (ओळखीचे नाव) दिलेला डिव्ह, म्हणजे विशिष्ट अर्थ नसलेला सर्वसाधारण टॅग, सापडतो. तेथे केवळ टॅगचे नाव बदलावे आणि आयडी तसाच ठेवावा, म्हणजे त्यावर बेतलेली सीएसएस (पानाचे रूप आणि मांडणी ठरवणारे नियम) बिघडत नाही.

मजकूर थोडा असला की फूटर पडद्याच्या मध्येच येऊन थांबतो, कारण त्याला तळाशी ढकलणे हे टॅगचे काम नाही. त्यासाठी सीएसएसमध्ये बॉडीला डिस्प्ले फ्लेक्स, फ्लेक्स-डायरेक्शन कॉलम आणि मिन-हाइट १०० व्हीएच (किमान उंची पडद्याच्या पूर्ण उंचीइतकी) द्यावे, तर फूटरला मार्जिन-टॉप ऑटो. बॉडीचे मूळचे ८ पिक्सेलचे मार्जिन शून्य करण्यास विसरू नये, अन्यथा रिकाम्या पानावरही विनाकारण स्क्रोलबार उमटतो.