मानसशास्त्राचं बीए: जर्नल, स्टॅट्स आणि मित्रमंडळी सांभाळताना या चुका टाळा

मानसशास्त्राला अभ्यास आणि दोस्ती वेगवेगळ्या ठेवताच येत नाहीत. प्रयोगाला प्रयोज्य म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस म्हणून, मित्र लागतात आणि विषय कळला की तेच मित्र स्वतःचे प्रश्न घेऊन येतात. बरेचसे घोळ इथेच होतात.

वर्गातल्याच मैत्रिणीला प्रयोज्य करणं

तिला गृहीतक, म्हणजे प्रयोगातून काय निघेल असा अंदाज, आधीच ठाऊक असतं. निरर्थक शब्दांची यादी आठवताना ती नकळत अपेक्षित निकाल देते. कॉमर्सचा किंवा इंजिनिअरिंगचा कोणी शोधा आणि वेळ खरी सांगा: संमती व सूचनांना 10 मिनिटं, प्रयोगाला 20 ते 30, नंतरच्या प्रश्नांना 10. ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणून बसवलेला माणूस मध्येच घड्याळ बघू लागतो, चुका वाढतात आणि पुढच्या प्रयोगाला तो फोन उचलत नाही. जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगांच्या वहीत, त्याची फक्त आद्याक्षरं लिहा. त्याचे गुण कॅन्टीनमध्ये सांगणं हा विश्वासघातच आहे.

जर्नल सबमिशनच्या आठवड्यावर ढकलणं

प्रस्तावना नंतरही लिहिता येते, प्रयोज्याचं निवेदन, म्हणजे प्रयोगाबद्दल त्यानं स्वतः सांगितलेला अनुभव, नाही. त्याचे शब्द दोन दिवसांत विसरतात. कच्चे आकडे, निरीक्षणं आणि निवेदन त्याच संध्याकाळी उतरवा, अर्धा तास पुरतो. गणपती-नवरात्राच्या दिवसांत याचा फार आधार होतो.

स्टॅट्स शेवटी ठेवणं

प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) काढताना हमखास होणारी चूक म्हणजे वर्गांची बेरीज आणि बेरजेचा वर्ग यांची अदलाबदल. गुण 2, 3, 5 असतील तर पहिली 38, दुसरा 100. मध्यापासूनच्या (सरासरीपासूनच्या) विचलनांची बेरीज शून्याच्या आसपास येत नसेल, तर पुढे जाऊ नका, मध्य पुन्हा काढा. रोज एक गणित हातानं सोडवा.

नुसतं हायलाइट करत वाचणं

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. पुस्तक मिटा, 10 मिनिटं आठवेल ते लिहा, मग चुकलेलं तेवढंच वाचा. यातून मोकळी झालेली संध्याकाळ मित्रांना द्या. परीक्षेपायी भेटीगाठी पूर्ण बंद करू नका. आठवड्यातली एक वेळ पक्की ठरवा.

मित्रांचं निदान करणं

अपसामान्य मानसशास्त्राचा, म्हणजे मानसिक विकारांचा, पेपर सुरू झाला की ओळखीचा प्रत्येक जण कुठल्यातरी विकृतीत बसतोसा वाटतो. निदानाच्या निकषांमध्ये लक्षणांचा कालावधी आणि रोजच्या जगण्यातला अडथळाही मोजतात, हे तेव्हा निसटतं. पदवीचे विद्यार्थी समुपदेशक नसतात. मैत्रीण रात्री दोनला रडत फोन करत असेल तर ऐकून घ्या, पण रोजचा आधार एकटीनं होऊ नका. कॉलेजच्या समुपदेशकांकडे तिच्यासोबत जा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या; तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. ती जीव देण्याची भाषा करत असेल तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. तिला एकटं सोडू नका आणि घरच्यांना किंवा शिक्षकांना त्याच वेळी कळवा.