जाळ्यात नुक्ता आला तर

नुक्ता हा कृष्णा खोऱ्यातला मासा. साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1839 साली त्याचं वर्णन केलं आणि लोकांच्या तोंडचंच नाव शास्त्रीय नावात घेतलं. आज तो संकटग्रस्त माशांच्या लाल यादीत आहे. म्हणून दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभेच्या खडकाळ डोहात जाळं टाकणाऱ्याने तो ओळखायला शिकलंच पाहिजे.

आधी थोबाड बघा. पुढे आडवी खोल खाच, खाचेच्या वरचा भाग शिंगासारखा पुढे आलेला आणि तोंड खालच्या अंगाला. एकदा पाहिलं की विसरत नाही. फसगत होते ती मळ्या नावाच्या माशाशी. मासा उलटा करा. मळ्याच्या हनुवटीखाली दगडाला चिकटायची गोल चकती असते, नुक्त्याला नसते. तरीही शंका राहिली तर नुक्ताच समजा आणि सोडा.

हात लावण्याआधी ते पाण्यात बुडवा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरला की अंगावरची बुळबुळ निघते आणि तिथे बुरशी धरते; पोहत गेलेला मासाही मग चार दिवसांनी मरू शकतो. कल्ल्यात बोट घालू नका. धागा कल्ल्यात अडकला असेल तर ओढू नका, कात्रीने जाळं कापा. दोन आस, म्हणजे जाळ्याची भोकं, गेले तर पुन्हा विणता येतात.

फोटो ओल्या फळीवर, शेजारी मापासाठी काडेपेटी ठेवून: एक कुशीवरून, एक थोबाडाचा जवळून. पाण्याबाहेर दहा सेकंदांहून जास्त नको. तारीख, गाव, डोहाचं नाव, जाळ्याचा आस आणि तळ खडकाचा की वाळूचा, एवढं लिहून ठेवा.

सोडायचा तो त्याच डोहात. शेततळ्यात किंवा विहिरीत टाकू नका. खडकावरचं शेवाळ खरवडून जगणाऱ्याला तिथे काय मिळणार? तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात धरा. शेपटी स्वतः मारेपर्यंत थांबा. पुढे-मागे हलवू नका, उलट्या पाण्याने कल्ले दुमडतात.

उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे मळीमिश्रित पाणी येऊन मासे वर तोंड काढू लागले, तर बादलीत भरून न्यायची घाई करू नका. बादलीतल्या तापलेल्या, दाटीच्या पाण्यात प्राणवायू आणखीच कमी असतो. बाटलीत पाणी भरा, वेळ लिहा आणि त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.