टूलरूममध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून जाण्यापूर्वी

आयटीआयचा टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूर येथील एखाद्या टूलरूममध्ये (जिथे साचे आणि डाय बनवतात तिथे) उमेदवारीला निघालेल्या मुलामुलींसाठी ही तयारी लिहीत आहे. सेफ्टी शूज, गॉगल आणि वेळेवर पोहोचणे यांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. मनगटावरचा दोरा, अंगठी आणि गळ्यातील साखळी मात्र घरीच काढून ठेवावी, आणि ड्रिलिंग मशीनवर किंवा लेथवर हातमोजे घालू नयेत. फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा एक धागा अडकला तरी त्यामागे हात ओढला जातो.

कागदपत्रांपैकी खरे महत्त्व कराराचे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्यानुसार उमेदवार आणि आस्थापना यांच्यात लेखी करार व्हावा लागतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. नोंदणी झालेली असेल तर कामावर दुखापत झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते, मंजुरीशिवाय जादा वेळ काम करून घेता येत नाही आणि शेवटी परीक्षेला बसता येते. ‘आधी कामाला लागा, कराराचे नंतर पाहू’ असे कोणी म्हणाले, तर करार हाती येईपर्यंत मशीनला हात लावू नये. नुसत्या ‘ट्रेनी’ या नावाने काढलेले वर्ष उमेदवारीत धरले जात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. ड्रॉइंग हातात आले की एकही माप वाचण्यापूर्वी टायटल ब्लॉकमधील (माहितीच्या चौकटीतील) प्रोजेक्शनचे, म्हणजे वस्तूच्या बाजू कागदावर कोणत्या पद्धतीने मांडल्या आहेत ते सांगणारे, चिन्ह पाहावे. एका मोल्डच्या इन्सर्टच्या (साच्यात बसवायच्या तुकड्याच्या) वेळी माझ्याकडून नेमके हेच पाहायचे राहिले आणि जॉब (घडवायचा तुकडा) मिरर झाला, म्हणजे आरशात दिसतो तसा डावा-उजवा उलटला. चिन्ह साधे असते: एक छाटलेला शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळे. शंकू डावीकडे आणि वर्तुळे उजवीकडे असतील तर फर्स्ट अँगल. वर्तुळे डावीकडे आणि शंकू उजवीकडे असेल तर थर्ड अँगल. आयटीआयमध्ये आपला हात फर्स्ट अँगलवर बसलेला असतो, म्हणजे टॉप व्ह्यू हा फ्रंट व्ह्यूच्या खाली आणि डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे. जर्मन ग्राहकाचे ड्रॉइंग बहुधा असेच येते. अमेरिकन किंवा जपानी ग्राहकाचे ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येते. तेथे टॉप व्ह्यू वर असतो आणि प्रत्येक बाजू जिकडची तिकडेच काढलेली असते. निर्यातीचे काम करणाऱ्या टूलरूममध्ये दोन्ही प्रकारची ड्रॉइंग्ज एकाच बाकावर शेजारीशेजारी पडलेली असतात, त्यामुळे सवयीच्या भरवशावर एकही ड्रॉइंग वाचता येत नाही.

या चुकीची इतकी धास्ती का बाळगायची, तेही नीट समजून घ्यावे. माप चुकले तर व्हर्नियर सांगतो, कोन चुकला तर साइन बार सांगतो. परंतु मिरर झालेल्या जॉबची सगळी मापे बरोबर असतात. लांबी बरोबर, भोकांमधले अंतर बरोबर, खोली बरोबर, आणि तपासणीच्या तक्त्यात सर्वत्र बरोबरची खूण. चूक कळते ती असेंब्लीच्या वेळी, म्हणजे हार्डनिंग (पोलाद कडक करणे), ग्राइंडिंग आणि वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणे) यांचा सारा खर्च होऊन गेल्यावर. शिवाय ज्या जॉबच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, त्यांत ही चूक मुळीच दिसत नाही, आणि असे जॉब ओळीने बिनचूक उतरले की चिन्ह न पाहण्याची सवय लागते.

त्यात टूलमेकरच्या कामात ‘उलटे’ हे पावलोपावली असते. प्रेस टूलच्या (प्रेसमध्ये पत्रा कापणाऱ्या साच्याच्या) ड्रॉइंगमध्ये खालचा अर्धा भाग वरून पाहिल्याप्रमाणे काढतात, तर वरचा अर्धा भाग बहुधा खालून पाहिल्याप्रमाणे, म्हणजे टूल उघडून दोन्ही भाग शेजारी ठेवल्यासारखा काढतात. त्यामुळे खालच्या भागातील डाय प्लेटवरील डावीकडचे भोक वरच्या भागातील पंच होल्डरच्या प्लॅनमध्ये उजवीकडे दिसते, आणि ते तसेच दिसायला हवे. स्पार्क इरोजनचा (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून आकार काढण्याचा) इलेक्ट्रोड समोरून पाहिला तर तोही कॅव्हिटीच्या (साच्यातील पोकळीच्या) उलट्या हाताचा असतो. म्हणून प्रत्येक व्ह्यूपाशी थांबून हे कोठून पाहिले आहे, याचे उत्तर स्वतःला द्यावे. उत्तर देता येत नसेल तर मार्किंगला सुरुवात करू नये; उस्तादांना विचारावे, ते रागावले तरी विचारावे.

याची तयारी घरी करता येते आणि ती रुजू होण्यापूर्वीच करावी. दोन्ही पद्धतींची ड्रॉइंग्ज घेऊन प्रत्येकाचे हाताने आयसोमेट्रिक रेखाटन करावे, आणि डावे-उजवे वेगळे असलेला एखादा आकार कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीतून कापून तो ड्रॉइंगशेजारी फिरवून पाहावा. कामावर गेल्यावर आणखी एक शिस्त पाळावी: ज्या कोपऱ्यापासून मापे धरायची, त्या कोपऱ्यावर ड्रॉइंगमध्ये लाल खूण करावी आणि जॉबच्या त्याच कोपऱ्यावर सेंटर पंचाने ठिपका द्यावा. डाय सेटचा (टूलचे वरचे-खालचे भाग जुळवून धरणाऱ्या सांगाड्याचा) एक पिलर वेगळ्या व्यासाचा किंवा किंचित सरकवलेला असतो, तो वरचा भाग उलटा बसू नये म्हणूनच. ती काळजी डाय सेट बनवणाऱ्याने घेतलेली असते. प्लेटची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

मापनाची तयारी बहुतेकांची बरी असते. मायक्रोमीटरचा शून्य रोज पाहावा, आणि ग्राइंडिंगवरून उतरवलेला गरम जॉब लगेच मोजू नये. मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. १०० मिलिमीटर पोलाद १० अंशांनी तापले की सुमारे ११ मायक्रॉनने वाढते, आणि टूलरूममध्ये तेवढ्यावर जॉब नापास होतो. स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) उघड्या बोटांनी फार वेळ धरू नये.

गणितात त्रिकोणमिती पक्की हवी. १०० मिलिमीटरच्या साइन बारवर ३० अंशांसाठी एका टोकाखाली ५० मिलिमीटरच्या स्लिप्स लागतात, हे कागदाशिवाय सांगता यावे. क्लिअरन्स (पंच आणि डाय यांमधली फट) कोणत्या बाजूला द्यायचा याविषयी नवख्यांचा हमखास गोंधळ होतो: ब्लँकिंगमध्ये (कापून पडणारा तुकडा, म्हणजे ब्लँक, हवा असतो तेव्हा) ब्लँकचे माप डायला द्यायचे आणि पंच लहान करायचा, पिअर्सिंगमध्ये (पत्र्यात भोक हवे असते तेव्हा) भोकाचे माप पंचाला द्यायचे आणि डाय मोठी करायची. माइल्ड स्टीलसाठी एका बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के हा ढोबळ नियम आहे, म्हणजे २ मिलिमीटर पत्र्याला ०.१ मिलिमीटर. अंतिम आकडा मात्र टूलरूमच्या तक्त्यातूनच घ्यावा.

प्लेट हार्डनिंगला जाण्यापूर्वी आटे पाडून झाले आहेत का, वायरकटच्या तारेसाठी भोक आहे का आणि ग्राइंडिंगसाठी माल शिल्लक आहे का, हे पाहावे. डी-२ पोलाद ६० एचआरसीच्या (कडकपणाच्या रॉकवेल मापाच्या) आसपास गेले की त्यात टॅप (आटे पाडायचे हत्यार) चालत नाही. याच वेळी प्लेट ड्रॉइंगशेजारी ठेवून खुणेचा कोपरा आणि प्रोजेक्शनचे चिन्ह पुन्हा पाहावे. प्लेट मऊ आहे तोवर चूक सापडली तर निदान पुढचा खर्च वाचतो. पाहिले असे वाटत असेल तरीही पुन्हा पाहावे, आणि शक्य असेल तर ज्याने तो जॉब केलेला नाही अशा दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे.

ग्राइंडिंगला मॅग्नेटिक चक चालू असल्याची खात्री हाताने जॉब हलवून करावी. जॉब उतरवल्यावर तो डीमॅग्नेटाइझ करावा आणि बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढावी. असेंब्लीला डॉवेल (भागांची जागा पक्की करणाऱ्या पिना) आधी, स्क्रू नंतर घट्ट. ट्रायलला पहिला फटका प्रेस हाताने फिरवून द्यावा.

कामाची डायरी रोज लिहावी, दर आठवड्याला सही घ्यावी. महिन्यांच्या सह्या एकदम घ्यायला गेले की सही करणारे साहेब बदलून गेलेले असतात. परीक्षेला स्वतःचा राइट अँगल (गुण्या), स्क्रायबर आणि कानशी न्याव्यात, आणि प्रात्यक्षिकाचे ड्रॉइंग मिळाले की पहिली नजर टायटल ब्लॉककडे.