बाबागाडीतल्या पाहुण्यांना हॅलोवीनला काय द्यायचं?

हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, अमेरिकेत पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीत नवीन आलेली मंडळी हमखास विचारतात, ३१ तारखेला चॉकलेटं किती आणायची? आणा की, मोठ्या पोरांना तीच हवी असतात. पण अंधार पडायच्या आत पहिली फेरी येते ती तान्ह्यांची आणि नुकतं चालायला लागलेल्यांची. भोपळ्याच्या पोशाखातलं आठ महिन्यांचं बाळ दारात येतं, आई-बाप कौतुकाने त्याचा हात तुमच्या वाडग्याकडे नेतात. त्याला टॉफी दिलीत तर ते ती कागदासकट तोंडात घालणार.

म्हणून दोन वाडगी ठेवा. दुसऱ्यात खायचं काहीच नको. अशी सोय असलेल्या घराबाहेर इथे हिरवट निळा भोपळा ठेवतात, ‘टील पम्पकिन’. २०१२ मध्ये टेनेसीतल्या, खाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी हे सुरू केलं, २०१४ पासून खाण्याच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या ‘फेअर’ या संस्थेने ते देशभर नेलं. तो भोपळा दिसला की ज्यांच्या पोरांना दूध, अंडं, शेंगदाणा चालत नाही ते निर्धास्त बेल वाजवतात.

वस्तू निवडायला टॉयलेट पेपर संपल्यावर उरलेली पुठ्ठ्याची नळी घ्या. टेबलावर उभी ठेवून वस्तू आत सोडा. सबंध गडप झाली, तर ती तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात द्यायची नाही. इथला कायदाही या वयासाठी पावणेदोन इंचांहून लहान चेंडू विकू देत नाही. ‘पार्टी फेव्हर्स’च्या (पार्टीत पोरांना वाटायच्या चिल्लर भेटींच्या) स्वस्त पिशव्यांतले उड्या मारणारे चेंडू, अंगठ्या, प्लास्टिकचे कोळी, खोडरबरं सगळी नळीत जातात. लुकलुकणाऱ्या अंगठ्या तर घरात आणूच नका. आत बटणाएवढा चपटा सेल असतो, आणि तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. फुगेही नकोत.

मग द्यायचं काय? जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांना तोड नाही. बाळ चावेल, आपटेल, पुस्तक टिकतं. गावच्या लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत ती स्वस्तात मिळतात, ओल्या फडक्याने पुसली की झालं. सिलिकॉनचे चमचे, तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे, आंघोळीचं बदक हेही छान. बदक मात्र बिनभोकाचं घ्या, नाहीतर आत बुरशी धरते. प्ले-डोच्या (पोरांच्या खेळायच्या रंगीत कणकेच्या) डब्या लोक हौसेने वाटतात, पण त्यात गहू असतो. टील भोपळ्याच्या वाडग्यात त्या नकोत.

दिवाळी याच सुमारास येते (२०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती), तेव्हा फराळ वाटायचा मोह होईल. अनोळखी पोरांना घरचा लाडू देऊ नका. बंद पाकिटात नसलेला खाऊ इथले पालक सहसा फेकूनच देतात, आणि काजू, तीळ, शेंगदाण्याचं भय असतंच. शेजारणीकडे ताट जरूर पाठवा, दिवाळीचं म्हणून, वेगळं. पणत्या घोळदार झग्यांच्या वाटेत नकोत. वाडगी रिकामी झाली की पोर्चचा दिवा मालवा, मग सहसा कोणी येत नाही.

तुमचंच बाळ तान्हं असेल तर खुशाल फिरवा. त्याच्या बादलीतली चॉकलेटं आई-बाप खातात हे जगजाहीर आहे, कुणी नावं ठेवत नाही. जपायचं ते थोरल्या भावंडाच्या पिशवीला. घरी आल्याआल्या ती पोरं सगळा माल जमिनीवर ओतून वाटाघाटी करत बसतात, आणि रांगणारं बाळ नेमकं तिथे पोचतं. तो बाजार टेबलावर भरू द्या. वर्षाच्या आत मध चाटवायचासुद्धा नाही. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घातलेलं टाळा. चार वर्षांपर्यंत कडक गोळ्या, पॉपकॉर्न, अख्खे दाणे नकोत. काही भलतंसलतं गिळल्याची शंका आली तर पॉयझन कंट्रोलला (विषबाधेच्या मदतवाहिनीला) फोन करा: १-८००-२२२-१२२२. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. श्वास अडकला असेल तर थेट ९११.